तिसऱ्या मजल्याची चाखणारी

झगाझीग शहरात कालव्याकाठच्या एका चार मजली इमारतीत फेब्रोनियाला वयाच्या पाचव्या वर्षी नोकरी लागली. वर्षातून एक महिना काम, अकरा महिने सुट्टी आणि पगार तुपातला. अशी नोकरी पुढे तिला आयुष्यात कधी मिळाली नाही, आणि आता ती दातांची डॉक्टर आहे.

काम असं होतं. तिसऱ्या मजल्यावर तांत इन्शिराह राहायच्या. तांत म्हणजे मावशी, पण सख्खी नसलेली आणि म्हणूनच सख्खीपेक्षा जास्त रागवायचा हक्क असलेली. रमजानात त्यांचा दिवसभर रोजा. पोटात पाण्याचा थेंब नाही आणि स्वयंपाक मात्र दुपारपासूनच चढवायचा. मीठ पडलं की नाही, आणि पडलं असेल तर एकदा पडलं की दोनदा, हे कळणार कसं? जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर चालतं, असं काही लोक म्हणत. तांत इन्शिराह त्या काही लोकांत नव्हत्या. त्या जिन्यात यायच्या, कठड्यावरून निम्म्या खाली वाकायच्या आणि हाक मारायच्या, "तेरेझ! पोरगी पाठव गं, जीभ घेऊन!"

तेरेझ म्हणजे फेब्रोनियाची आई, मुक्काम दुसरा मजला. हे घर कॉप्टिक ख्रिश्चनांचं, त्यामुळे रोजा नाही. फेब्रोनिया, जिला सगळे फेबी म्हणत, जीभ घेऊन वर जायची. चमचा तोंडात धरून डोळे मिटायची आणि एखाद्या शब्दात निकाल द्यायची. "मीठ." किंवा "लिंबू." एकदा तर मुलुखियाच्या पातळ भाजीचा चमचा तोंडात धरून ती नुसतं "मांजर" म्हणाली. चौकशीत ते खरं निघालं.

या नोकरीतला सर्वांत मोठा मान ईदच्या आधी असायचा. ईदला कहक करतात. तूप ओतून मळलेल्या पिठाची गोल बिस्किटं, पोटात खजूर, वर चिमट्याने काढलेली नक्षी. गल्लीतल्या भट्टीतून ट्रे भाजून आले की सगळ्या इमारतीतला पहिला कहक फेबीच्या तोंडात पडायचा. तांत इन्शिराहच्या सासूबाई हयात होत्या तेव्हासुद्धा त्यांचा नंबर दुसरा होता. फेबीने मान डोलावली की मगच डबे बंद व्हायचे. चार वर्षं हे असं चाललं. पाच, सहा, सात, आठ.

नववं वर्ष म्हणजे १९९३. त्या वर्षी घात झाला.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि त्या फेब्रुवारीत तो सरकत सरकत येऊन नेमका ख्रिश्चनांच्या मोठ्या उपासाला धडकला. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू. वरच्या मजल्यावर दिवसभर काही नाही. खालच्या मजल्यावर पंचावन्न दिवस तूप नाही, लोणी नाही, दूध नाही, चीज नाही, अंडं नाही, मांस नाही. यादी आईने फ्रिजवर चिकटवली होती, म्हणजे फ्रिज उघडायच्या आधीच माणूस निराश होत असे. लहान मुलांना उपासाची सक्ती नसते. पण फेबीने चर्चमधल्या रविवारच्या वर्गात, सगळ्यांसमोर, हात वर करून सांगितलं होतं की या वर्षी मी पूर्ण धरणार. का सांगितलं हे तिलाही नीट माहीत नव्हतं. शेजारच्या मुलीने हात वर केला होता, एवढंच.

वर, तांत इन्शिराहची धाकटी मुलगी नरमीन दहा वर्षांची होती आणि तिचाही पहिलाच पूर्ण रमजान होता. दोघी रोज दुपारी शाळेतून आल्या की जिन्यात समोरासमोर उभ्या राहत.

"जीभ दाखव," नरमीन म्हणायची.

ज्याचा उपास खरा त्याची जीभ पांढरी, हा इमारतीतल्या पोरांचा कायदा होता. नरमीनची जीभ संध्याकाळपर्यंत खडूसारखी व्हायची. फेबीची मात्र गुलाबीच.

"हा कसला उपास? काल तू बटाटे खाल्लेस."

"तेलातले होते."

"बटाटे ते बटाटे."

"आणि तू रात्री बदक खातेस त्याचं काय?"

"रात्री खाते. दिवसा मी बदकाकडे बघतसुद्धा नाही."

पहिल्याच दिवशी तांत इन्शिराह सवयीने जिन्यात आल्या, वाकल्या, "तेरेझ! पोरगी..." इथपर्यंत ओरडल्या आणि थांबल्या. खालून तेरेझनेही मान वर करून पाहिलं. कढईत तूप होतं. तुपात मांस होतं. आणि पूर्ण इमारतीत चाखायला मोकळी अशी एकही जीभ नव्हती.

म्हणजे एक होती. तळमजल्यावरचे म्हातारे अम्मो, म्हणजे काका, घत्तास प्रोटेस्टंट होते आणि त्यांच्यात असा उपास नसतो. पण लहानपणी त्यांना टायफॉइड झाला होता, तेव्हापासून त्यांना कशाचीच चव कळायची नाही. स्वभाव मात्र भिडस्त. काहीही दिलं तरी ते डोळे मिटून "वा!" म्हणायचे. त्यांना सूप दिलं, "वा!" भात दिला, "वा!" खात्री करून घ्यायला नरमीनने कपभर भांड्यांचं पाणी नेऊन दिलं. "वा," ते म्हणाले, "आज लिंबू छान पिळलंय."

फेबीला आपली नोकरी जाताना दिसत होती. चौथ्या दिवशी ती स्वतःहून वर गेली.

"तांत, मी वासावर सांगते."

"वासावर मीठ कळतं का गं?"

"मला कळतं."

तिने मसुराच्या सुपावर नाक धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "ठीक." संध्याकाळी रोजा सोडायची तोफ झाली, सगळ्यांनी पहिला घोट घेतला, आणि नरमीनचे वडील उस्ताद अब्दुल गफ्फार, जे शाळेत गणित शिकवायचे आणि जेवताना कधी बोलायचे नाहीत, ते बोलले. "इन्शिराह," ते म्हणाले, "समुद्र संपला का?" मीठ तीनदा पडलं होतं. एकदा तांत इन्शिराहने टाकलं होतं, एकदा विसरून पुन्हा, आणि एकदा मोठी मुलगी इब्तिसामने, मदत म्हणून.

दुसऱ्या दिवशी जिन्यात नरमीनने निकाल जाहीर केला.

"तुझी नोकरी गेली."

"तात्पुरती," फेबी म्हणाली.

"कायमची. तुला चाखता येत नाही आणि वासाचं तर सगळ्यांनी प्यायलंय. आई म्हणते, आता अंदाजाने करू. आजपासून तू माजी."

नऊ वर्षांच्या पोरीला 'माजी' हा शब्द लागायचा तेवढा लागला. त्या रमजानात तिने बाकी सगळं सहन केलं. शेजारच्या चुलीवर तळलेलं चीज सहन केलं. आईने एकविसाव्या दिवशी पुन्हा केलेला तेलातला घेवडा सहन केला. पण भट्टीतून कहकचे ट्रे डोक्यावरून वर गेले, जिनाभर तुपाचा आणि लवंगेचा वास दरवळला आणि तिसऱ्या मजल्यावरून कुणी हाक मारली नाही, तेव्हा ती दाराआड उभी राहून रडली. आईने विचारलं तर म्हणाली, "कांदा." घरात कांदा नव्हता.

त्या वर्षीचे कहक साधे नव्हते, हेही तिला माहीत होतं. इब्तिसामचं लग्न ठरायचं होतं. मुलगा लुत्फी औषधाच्या दुकानात बसायचा. चांगला होता, पण त्याचं एकही वाक्य आईने पूर्ण होऊ दिलं नव्हतं. ही आई म्हणजे मदाम तफीदा. शहरभर ख्याती होती त्यांची. याआधी लुत्फीसाठी पाहिलेली दोन घरं त्यांनी कहकवरून मोडली होती. एका घरी कहक कडक होते, दुसऱ्या घरी मऊ. "कहक म्हणजे घर," त्या म्हणायच्या. "तोंडात टाकला की मला घर कळतं." रमजानच्या शेवटच्या दिवशी त्या मुलाला घेऊन इफ्तारला येणार होत्या, आणि हो किंवा नाही तिथेच सांगणार होत्या.

शेवटच्या इफ्तारला फेबीचं घर दर वर्षी वर असायचं. मदाम तफीदा आल्या म्हणून ते बदलणार नव्हतं. तांत इन्शिराहने तेरेझला आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "तुमच्यासाठी द्राक्षाच्या पानातला भात तेलात करतेय. वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या चमच्याने. आणि येताना तोंड हसरं ठेव गं बाई, मला आधार वाटतो."

आता घरात एकच उणीव उरली होती. दिवाणखान्यातल्या भिंतीला मागच्या ऑक्टोबरच्या भूकंपात हातभर लांब भेग पडली होती. हिवाळाभर तिच्यावर कॅलेंडर लटकवून भागवलं होतं. पण मदाम तफीदा कॅलेंडर उचलून बघणाऱ्यांपैकी होत्या. शिवाय कहकवर भुरभुरायची पिठीसाखर संपली होती. म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी उस्ताद अब्दुल गफ्फार बाजारात गेले आणि एकाच फेरीत दोन्ही कामं करून आले. एका खाकी पुडीत पिठीसाखर, दुसऱ्या खाकी पुडीत भेगा बुजवायचं प्लास्टर.

गणिताचे शिक्षक असल्यामुळे त्यांनी गोंधळ होऊ दिला नाही. एका पुडीवर एक लिहिलं, दुसरीवर दोन. एक म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय हे एका वेगळ्या कागदावर लिहिलं आणि तो कागद नीट जपून ठेवला. कुठे, ते त्यांना दुपारी आठवेना.

"मग चाखा ना एकदा," तांत इन्शिराह म्हणाल्या.

"रोजा आहे."

"मग काय करायचं?"

"विचार," उस्ताद म्हणाले. त्यांनी दोन्ही पुड्या दोन्ही हातांत तोलल्या. "जड आहे ते प्लास्टर. भिंतीला वजन लागतं."

तर्क बरोबर होता. पण साखर जास्त घेतली होती.

पुढे सगळं सुरळीत झालं. उस्तादांनी जड पुडीतली पावडर वाडग्यात पाण्याने घट्ट कालवली आणि थापीने भेगेत भरली. त्यांना हे काम आवडत होतं. "या वर्षी प्लास्टर काय सुरेख आलंय," ते दोनदा म्हणाले. "लोण्यासारखं. बघ कसं चकाकतंय." आत स्वयंपाकघरात इब्तिसाम हलक्या पुडीतली पावडर बारीक चाळणीने कहकवर भुरभुरत होती. एक पदर, दोन पदर, तीन. मदाम तफीदांसाठी चार.

सूर्य उतरायला लागला तशी पाहुणे मंडळी आली. मदाम तफीदा आधी आल्या, मग त्यांचा सुगंध, मग लुत्फी. त्यांनी पूर्ण खोली एका नजरेत पाहिली आणि सोफ्यावर, नेमक्या त्या भिंतीकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या मजल्याचे लोकही आले. फेबीला नरमीनशेजारी जागा मिळाली.

"जीभ?" नरमीन कुजबुजली.

फेबीने दाखवली.

"गुलाबी," नरमीन म्हणाली, आणि आपली काढून दाखवली. खडू.

टेबलावर बदक होतं, मुलुखिया होती, तेलातल्या भाताचं वेगळं पातेलं होतं. आणि मधोमध उंच बशीत कहकचा डोंगर, बर्फ पडल्यासारखा पांढरा. तोफेला पाच मिनिटं होती. रेडिओ सुरू होता. तेलातला घेवडा दुपारीच खाऊन आलेले फेबीचे बाबासुद्धा सभ्यपणे भुकेले दिसत होते.

"आमच्याकडे," मदाम तफीदा म्हणाल्या, "पद्धत वेगळी आहे. लोक खजुराने रोजा सोडतात. मीही सोडते. पण खजूर कहकच्या पोटात असतोच. तेव्हा मी आज कहकनेच सोडणार. म्हणजे तोंड कोरं असतं, निकाल खरा लागतो. लुत्फी, हो की नाही?"

"आई, मला वाटतं..."

"त्यालाही तसंच वाटतं."

तांत इन्शिराहने तेरेझचा हात टेबलाखालून इतका घट्ट धरला की तेरेझला चेहरा हसरा ठेवणं अवघड झालं.

फेबी कहककडे बघत नव्हती. बघितलं की 'माजी' आठवायचं, म्हणून ती मदाम तफीदांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती. आणि भिंतीवर एक मुंगी चालली होती.

मग दुसरी. खिडकीच्या चौकटीपासून एक काळी बारीक रांग निघाली होती. ती भिंतीवरून आडवी येत होती आणि बरोबर त्या नव्या, चकाकत्या भेगेत शिरत होती. गर्दी होती. काही परतत होत्या, समाधानाने. खाली, टेबलावर, हातभर अंतरावर कहकचा पांढरा डोंगर उघडा ठेवला होता. त्याच्याकडे एकही मुंगी फिरकत नव्हती.

फेबीने आयुष्यात खूप मुंग्या पाहिल्या होत्या. त्या इमारतीत त्या दिवशी उपास नसलेल्या फक्त त्याच होत्या. अम्मो घत्तास सोडले, तर चाखायला मोकळ्या अशा त्याच. आणि त्या प्लास्टर खात होत्या.

तिने नरमीनला कोपराने ढोसलं.

"नरमीन," ती कुजबुजली, "कहकवर काय घातलंय?"

"साखर. गप्प बस."

"कुणी चाखली?"

"कोण चाखणार? गप्प बस, माजी."

ओरडावं तर मोठा धोका होता. सुपाच्या वेळी ती चुकली होती, सगळ्यांनी चुकलेलं प्यायलं होतं. आता जर ती भर टेबलावर ओरडली आणि साखर साखरच निघाली, तर इब्तिसामचं लग्न मोडणार, तांत इन्शिराह रडणार, आणि या घरात तिला पुन्हा कुणी चमचाच काय, बशीसुद्धा देणार नाही. न ओरडावं तर त्याहून वाईट. चाखायला हवं होतं. पण चाखणार कशी? कहकमध्ये तूप.

तिने मनातल्या मनात फ्रिजवरची यादी वाचली. तूप. लोणी. दूध. चीज. अंडं. मांस. मग पुन्हा वाचली, कारण काहीतरी सापडत नव्हतं. यादीत साखर नव्हती. साखर गाय देत नाही. साखर अंडं घालत नाही. महिनाभर ती तुपाला घाबरून कहकपासून दूर राहिली होती, आणि वरच्या भुरभुरीवर तिचा हक्क तसाच पडून होता.

"बाथरूम," ती म्हणाली आणि उठली.

स्वयंपाकघरात ओट्यावर खाकी पुडी होती, वर 'एक' लिहिलेलं. फेबीने बोट ओलं केलं, पुडीत बुडवलं आणि अख्खं बोट तोंडात घातलं. डोळे मिटले. महिन्याभराने पुन्हा कामावर रुजू झालेली जीभ. जिभेने एक क्षण घेतला, आणि निकाल दिला.

तेवढ्यात बाहेर रेडिओवर तोफ झाली.

ती धावली. दिवाणखान्याच्या दारात तिचा पाय सतरंजीत अडकला. ती पडली नाही, पण वेग वाढला. मदाम तफीदांनी बिस्मिल्ला म्हटलं होतं. कहक ओठांपासून दोन बोटांवर होता. चार पदर पांढरा.

"खाऊ नका!" फेबी ओरडली. "ती भिंत आहे!"

सगळं थांबलं. लुत्फीचा खजूर थांबला. रेडिओवरच्या माणसाचं पुढे चालू राहिलं, पण त्याला इथलं माहीत नव्हतं.

"पोरी," मदाम तफीदा सावकाश म्हणाल्या, "हा कहक आहे."

"आतून कहक आहे. वरून भिंत आहे. प्लास्टर आहे ते. खाल्लं असतंत तर दातखीळ बसली असती."

"फेब्रोनिया!" तेरेझ म्हणाली.

"या अल्ला!" नरमीन उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "हिचं ऐकू नका. ही वासावर सांगते!"

"वासावर नाही. चाखून."

"तुझा उपास आहे ना? मग चाखलं कसं? जीभ दाखव!"

फेबीने जीभ काढली.

झगाझीगमध्ये, त्या इमारतीत, बहुधा पूर्ण शर्किया प्रांतात इतकी पांढरी जीभ कुणी पाहिली नव्हती. ती खडूसारखी नव्हती, ती संगमरवरासारखी होती. नरमीनने नुसतं बघितलं. तिचं महिन्याभराचं तप त्या एका जिभेपुढे फिकं पडलं. ती खाली बसली.

उस्ताद अब्दुल गफ्फार हळूच खिशात हात घालून एक कागद काढून वाचत होते. तो खिशातच होता.

"इन्शिराह," ते म्हणाले, "एक म्हणजे प्लास्टर."

"म्हणजे माझ्या कहकवर..." तांत इन्शिराहच्या तोंडचं पाणी पळालं. "मग भिंतीत काय आहे?"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. मदाम तफीदांनीही, मान पूर्ण वळवून. मुंग्यांना एवढ्या लोकांनी बघायची सवय नव्हती, पण त्यांनी काम थांबवलं नाही.

हे सिद्ध करायला एकच मार्ग होता आणि तो अवलंबायला घरात एकच अधिकारी व्यक्ती होती. फेबी सोफ्यावर चढली, अगदी मदाम तफीदांच्या खांद्याशेजारी उभी राहिली, मुंग्यांना फुंकर मारली आणि भिंत चाटली. वरून खाली, एकच सरळ रेघ. डोळे मिटले.

"साखर," ती म्हणाली. मग थोडं थांबून, कारण कामात कसूर करायची तिची सवय नव्हती, "पाणी जरा कमी हवं होतं."

इब्तिसामने दोन्ही हातांत तोंड लपवलं. तांत इन्शिराह मनातल्या मनात मुलीचं लग्न मोडून, वरात परत पाठवून, दुसऱ्या गावाला राहायला गेल्या होत्या.

मदाम तफीदांनी कहक बशीत ठेवला. उठल्या. भेगेपाशी गेल्या, नख लावलं, सुपारीएवढा तुकडा खट् करून तोडला. उजेडात धरून पाहिला. झटकला. पुन्हा एकदा बिस्मिल्ला म्हणाल्या आणि त्या दिवसाचा रोजा भिंतीने सोडला.

कुरकुर आवाज झाला. त्या चावत राहिल्या. बराच वेळ चावत राहिल्या.

"इन्शिराह," त्या शेवटी म्हणाल्या, "एका घरी कहक कडक होता. एका घरी मऊ होता. पण आजवर एकाही घरात मी भिंतीपर्यंत गेले नव्हते." त्यांनी दुसरा तुकडा तोडला. "ज्या घरात भिंतसुद्धा अशी करतात तिथे कहकचं काय विचारायचं! लुत्फी, तुला मुलगी पसंत आहे."

"आई," लुत्फी म्हणाला, "मला ती गेल्या वर्षीपासून पसंत आहे."

हे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य. सगळ्यांना ते इतकं अनपेक्षित होतं की तांत इन्शिराहने आनंदाचा चीत्कार काढला तो नेमका कशासाठी, लग्नासाठी की वाक्यासाठी, हे कळलं नाही. तळमजल्यावरून अम्मो घत्तास विचारायला आले की काय झालं. त्यांना भिंतीचा तुकडा दिला. "वा!" ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं होतं.

मग जेवण झालं. जेवणानंतर उस्ताद अब्दुल गफ्फार रंगाचा कोरा ब्रश घेऊन बसले आणि एक एक कहक झाडू लागले. तेरेझने खालून आपली साखर आणली. झाडून, फुंकून, पुन्हा भुरभुरून डोंगर नव्याने रचला गेला. तांत इन्शिराहने चमच्यावर चिमूटभर साखर घेतली आणि फेबीसमोर धरली. खोलीतल्या सगळ्यांचा रोजा केव्हाच सुटला होता. कुणीही चाखू शकलं असतं. पण सगळे वाट बघत होते.

फेबीने चाखलं. मान डोलावली.

"साखर."

"बंद करा डबे," तांत इन्शिराहने हुकूम सोडला.

नरमीन जवळ आली. माफी मागायची तिला सवय नव्हती.

"पुढच्या वर्षीपण चाखशील?"

"माजी आहे मी."

"तो अंदाज होता," नरमीन म्हणाली. "आई म्हणते, अंदाज बंद."

पण कहकचा पहिला तुकडा अजून बाकी होता. तुपाचा उपास संपायला पंचवीस दिवस होते, आणि फेबी हात वर करून सांगितलेल्या शब्दावर ठाम होती. म्हणून तांत इन्शिराहने एक छोटा डबा वेगळा काढला, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि वर आपल्या हाताने लिहिलं, 'फेब्रोनिया. हात लावाल तर बघा.' डबा दुसऱ्या मजल्यावर, यादी चिकटवलेल्या त्याच फ्रिजवर, पंचवीस दिवस बसून राहिला. रोज शाळेतून येताना नरमीन वाकून बघून जायची, चिकटपट्टी शाबूत आहे ना. ती शाबूत असायची. तिला ते आवडायचं नाही आणि आवडायचंही.

ईस्टरच्या सकाळी चर्चमधून परतल्यावर जिन्यात गर्दी होती. तांत इन्शिराह, उस्ताद, नरमीन, इब्तिसाम, लुत्फी, आणि लुत्फी आहे म्हणजे मदाम तफीदाही. अम्मो घत्तास खुर्ची घेऊन बसले होते. फेबीने नवीन फ्रॉकवर रुमाल पसरला, चिकटपट्टी सोडवली आणि कहक तोंडात टाकला. डोळे मिटले. बाहेर कालव्यावरून एक गाढवगाडी खडखडत गेली, तीही कुणी ऐकली नाही.

"काय गं?" मदाम तफीदांनाच राहवलं नाही. "कसाय?"

फेबीने शेवटचा कण गिळला, बोटं चाटली, आणि निकाल दिला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण भिंत जास्त चांगली होती."